सिस्टरांचे दान आणि आपला विसावा हिस्सा



ख्रिस्ती धर्मभगिनींच्या कामाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच शब्दांवर येऊन थांबते. एक गट म्हणतो 'आमिष', दुसरा म्हणतो 'देवमाणसे'. पहिल्याला सिस्टरांनी दिलेल्या प्रत्येक वहीत आणि गोळीत धर्मांतराचा कट दिसतो. दुसऱ्याला पांढऱ्या साडीतली बाई दिसली की प्रश्न विचारणेसुद्धा पाप वाटते. दोघांपैकी कोणीही दान घेणाऱ्या माणसाला मोजत नाही. पहिल्याच्या लेखी तो भोळा, फसवला जाणारा. दुसऱ्याच्या लेखी तो लाचार, उपकृत. आंबेडकरी कार्यकर्त्याला ही दोन्ही उत्तरे चालणार नाहीत.

माझे म्हणणे सरळ आहे. दानाची परीक्षा देणाऱ्याच्या मनातल्या हेतूवर होत नाही. ती तीन प्रश्नांवर होते. पैसा कुठून येतो? तो कुठे जावा हे कोण ठरवते? आणि घेणारा उद्या ताठ मानेने उभा राहून देणाऱ्यालाही जाब विचारू शकतो का? कॅथॉलिक सिस्टरांच्या दानाला हे प्रश्न जरूर विचारावेत. पण त्यांना विचारताना तेच प्रश्न आपल्या विहाराच्या दारातही उभे राहतात, हे विसरता येणार नाही.

आधी जमीन पाहू

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सोळा लाख अठ्ठेचाळीस हजार, त्यातले ६९ टक्के आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. साक्षरता ६४ टक्के, राज्यात तळाची. अनुसूचित जातींचे प्रमाण जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे इथे आपण बौद्ध मूठभर आहोत आणि आपल्या शेजारी राहणारा शोषित माणूस मुख्यतः आदिवासी आहे.

दिवाळी सरली की अक्कलकुवा, धडगाव, तळोद्यातून ट्रक आणि टेम्पो भरून माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात. आईबाप गेले की पोरे दोनच ठिकाणी राहू शकतात: आईबापाबरोबर उसाच्या फडात, नाहीतर वसतिगृहात. मुलगी असेल तर तिसरीही शक्यता असते, लहान वयात लग्न. म्हणून या जिल्ह्यात वसतिगृहातली एक खाट म्हणजे एका मुलीचे आख्खे आयुष्य असते. ती खाट शासनाची आहे, आश्रमशाळेची आहे की सिस्टरांची, हे बाप नंतर पाहतो. आधी तो पाहतो की मुलीला रात्री ताप आला तर कोणी दवाखान्यात नेईल का.

कॅथॉलिक रचनेत नंदुरबार नाशिक धर्मप्रांतात येतो. तो १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नवापूरकडचे ख्रिस्ती काम मात्र बहुतांशी प्रोटेस्टंट मिशनांचे आहे, चिंचपाड्याचे ख्रिश्चन हॉस्पिटल त्याच परंपरेतले. हा फरक मुद्दाम सांगतो, कारण आरोप करणाऱ्यांना तो माहीत नसतो आणि माहीत करून घ्यायचाही नसतो. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत धुळे-नंदुरबारमधल्या 'अनधिकृत चर्च'चा प्रश्न आला आणि महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी चौकशी करून ती पाडण्याची भूमिका मांडली. बांधकाम बेकायदा असेल तर कायदा सगळ्यांना सारखा लागू व्हावा, याला कोणाचा विरोध नाही. पण रस्त्याच्या कडेला, सरकारी कार्यालयांच्या आवारात उभ्या असलेल्या किती अनधिकृत मंदिरांची यादी त्याच सभागृहात मागितली गेली? कुपोषणाने मेलेल्या बालकांच्या यादीवर इतक्या तावातावाने चर्चा कधी झाली?

पैसा कुठून येतो

सिस्टरांच्या संघाची आर्थिक रचना आपल्या पोरांना फारशी ठाऊक नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सिस्टर होताना ती बाई तीन व्रते घेते: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. दारिद्र्याच्या व्रताचा व्यवहारातला अर्थ असा, की तिने कमावलेला पैसा तिचा नसतो. अनुदानित शाळेत ती शिक्षिका असेल तर तिचा पगार संघाच्या सामाईक खात्यात जातो. त्यातून तिचे जेवण, कपडे, औषधपाणी आणि म्हातारपण चालते; उरलेले शाळा, दवाखाने आणि वसतिगृहांना जाते. म्हणजे सिस्टरांच्या दानातला एक मोठा वाटा त्यांच्या स्वतःच्या श्रमाचा असतो. तो सगळाच परदेशातून येतो, हा समज चुकीचा आहे.

याच व्रतावर सर्वोच्च न्यायालयात खटला झाला. चर्चच्या कायद्यानुसार धर्मभगिनी आणि धर्मगुरू संसाराला 'मृत' असतात, पगार त्यांचा नसून संघाचा असतो, म्हणून त्यावर आयकर कापू नये, असे म्हणणे होते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ९३ अपिले फेटाळली. पगार व्यक्तीला मिळतो. पुढे ती तो कोणाला देते हा तिचा प्रश्न, कर मात्र पगारातूनच कापला जाईल. मला हा निकाल योग्य वाटतो. या देशात धर्माचा कायदा संविधानाच्या खालीच राहिला पाहिजे, मग तो मनूचा असो, शरियतचा असो की चर्चचा. पण या खटल्यातून एक गोष्ट नकळत जगजाहीर झाली: या देशात हजारो बायका महिन्याचा सगळा पगार समाजाच्या कामाला देतात. वीस टक्के नाही, पाच टक्के नाही, सगळा.

परदेशी पैसाही येतो, आणि तो लपवायची गरज नाही. मुंबईतल्या अंधेरीचेच उदाहरण घ्या. तिथे सेंट कॅथरिन्स होममध्ये काम करणाऱ्या जर्मन सिस्टर अॅना हुबर्टा रॉगेनडॉर्फ यांनी १९४२ मध्ये 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा धर्मभगिनींचा संघ उभा केला. अनाथ मुले आणि कुष्ठरोगी यांच्यात त्यांनी काम केले. त्या अनाथालयासाठी जर्मनीतल्या बॉन शहरात रोझी गोलमन या शिक्षिकेने आपल्या विद्यार्थिनींना घेऊन मदत गोळा करायला सुरुवात केली आणि त्यातून १९६७ मध्ये 'अंधेरी हिल्फे' ही संस्था झाली. जर्मन भाषेत 'हिल्फे' म्हणजे मदत. आपल्या मुंबईच्या एका उपनगराचे नाव जर्मनीत मदतीचे नाव झाले. पुढे त्या संस्थेने अनाथालयाला पैसे पाठवण्यापुरते न थांबता लोकांना स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या प्रकल्पांकडे मोर्चा वळवला.

परदेशी पैशावर नाक मुरडण्याआधी आपणही आरशात पाहावे. महाराष्ट्रात त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण आणि 'बहुजन हिताय'च्या वसतिगृहांत शिकून वर आलेली आपली कितीतरी पोरे आज नोकरीत आहेत. त्या कामाला इंग्लंडच्या करुणा ट्रस्टचा हातभार होता. आपल्याला आलेला पैसा 'मैत्री' आणि त्यांना आलेला पैसा 'कट', असे दुटप्पी गणित बुद्धाच्या अनुयायाला शोभत नाही.

'आमिष' हा शब्द उद्या कोणावर उलटेल?

आता कायद्याकडे वळू. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात 'आमिष' या शब्दाच्या व्याख्येत भेटवस्तू, नोकरी आणि धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षणही बसवले आहे. मित्रांनो, पुन्हा वाचा: मोफत शिक्षण हे आमिष! या व्याख्येने पाहिले तर सावित्रीमाईंना घडवणाऱ्या अहमदनगरच्या मिस फरारबाई आरोपी ठरतील. जोतीराव ज्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले ती शाळाही आरोपी ठरेल. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी तिथे माणसाच्या हक्कांचा विचार उचलला आणि त्यातून सत्यशोधक समाज उभा केला. शिकलेला माणूस देणाऱ्याचा गुलाम होतोच असे नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

दुसरीकडे वनवासी कल्याण आश्रम १९५२ पासून आदिवासी मुलांची वसतिगृहे चालवतो. तिथे कोणती प्रार्थना होते आणि आदिवासीला 'वनवासी' का म्हटले जाते, हे प्रश्न कोणत्याही कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. याहा मोगी आणि डोंगऱ्या देवाला मानणाऱ्या मुलाला हिंदू देवदेवतांच्या रांगेत बसवणे म्हणजे 'संस्कार', आणि येशूचे चित्र दाखवणे म्हणजे 'आमिष'! धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, अशी 'डिलिस्टिंग'ची मागणी हेच गोट करत आहेत. आदिवासीला आदिवासी म्हणून जगू देण्याशी यांना घेणेदेणे नाही.

हे ख्रिस्त्यांचे भांडण आहे, आपले काय, असे कोणाला वाटत असेल तर आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या गुजरातकडे बघा. ८ एप्रिल २०२४ रोजी तिथल्या गृहखात्याने परिपत्रक काढले: बौद्ध धर्म हा वेगळा धर्म आहे, हिंदूंनी बौद्ध व्हायचे असेल तर २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. म्हणजे धम्मदीक्षेला अर्ज, चौकशी आणि शिक्का! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात हा कायदा असता तर लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेण्याआधी कलेक्टर कचेरीसमोर रांग लावायची होती काय? दिल्लीत ऑक्टोबर २०२२ मध्ये बावीस प्रतिज्ञांच्या कार्यक्रमाला हजर राहिले म्हणून राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावे लागले. सिस्टरांसाठी विणलेल्या जाळ्यात आपलाही पाय आहे.

जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन धर्मभगिनींना अटक झाली. बरोबर नारायणपूरच्या सज्ञान आदिवासी तरुणी होत्या, त्या नोकरीसाठी निघाल्या होत्या. बजरंग दलाच्या लोकांच्या तक्रारीवरून मानवी तस्करी आणि सक्तीच्या धर्मांतराचे कलम लागले. आठवडाभर कोठडीत काढल्यावर जामीन मिळाला. त्या तरुणींनी स्वतःच्या मर्जीने प्रवास करायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क एका जमावाने घेतला. ऊसतोडीच्या टेम्पोत कोंबून नेल्या जाणाऱ्या आदिवासी पोरींना थांबवायला मात्र असा जमाव कधी रेल्वे स्टेशनवर जमल्याचे मी पाहिलेले नाही.

पैशाचा नळ बंद करणे ही याच गोष्टीची दुसरी बाजू. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीला परदेशी निधी द्यायला बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उघडणे बंधनकारक झाले. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचे नूतनीकरण २५ डिसेंबर २०२१ ला, ऐन नाताळात, नाकारले गेले. जगभर बोभाटा झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये ते परत मिळाले. पण त्याच्याही पाच वर्षे आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, गुजरातमधल्या दलितांसाठी लढणाऱ्या 'नवसर्जन' संस्थेची नोंदणी रद्द झाली, तेव्हा जगभर बोभाटा झाला नाही. मदर तेरेसांना नोबेल मिळालेले होते. आपल्या कार्यकर्त्यांना कोण विचारतो?

म्हणून पहिली भूमिका स्पष्ट हवी. सिस्टरांच्या सेवा करण्याच्या हक्कावर घाला येतो तेव्हा आंबेडकरी माणसाने त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. त्यांच्या श्रद्धेसाठी नाही, आपल्या सर्वांच्या कलम २५ साठी.

बाजूने उभे राहणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे

आता दुसरा प्रश्न: कोण ठरवते? इथे बाबासाहेबांचे बोट धरावे लागेल. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती मिशन आणि अस्पृश्य यांवरचे लेखन आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने ते वाचावे. मिशनांनी शिक्षण आणि आरोग्यात केलेले काम बाबासाहेब मान्य करतात. मग ते विचारतात: या शाळा, कॉलेजे, रुग्णालये यांचा लाभ झाला कोणाला? प्रामुख्याने उच्चवर्णीयांना, ज्यांना ख्रिस्ती व्हायचेच नव्हते. आणि जो अस्पृश्य ख्रिस्ती झाला त्याच्या सामाजिक हक्कांसाठी मिशन उभे राहिले का? त्यांची आणखी एक टीका फार मूलगामी आहे. मनुष्याच्या दुःखाचे मूळ पापात आहे असे शिकवले की माणूस क्षमा मागत बसतो, त्याला चिरडणारी परिस्थिती बदलायला उठत नाही.

आजही शहरातल्या मोठमोठ्या कॉन्व्हेंट शाळांत कोणाची मुले शिकतात ते पाहा. भरमसाठ फी आणि प्रवेशासाठी रांगा. त्या शाळेच्या उत्पन्नावर डोंगरातले वसतिगृह चालते, हे उत्तर मला मान्य आहे, पण अर्धेच. कारण त्यात साहेबाच्या पोरीला इंग्रजी शाळा आणि आदिवासी पोरीला शिवणकामाचा वर्ग, अशी वाटणी पक्की होण्याचा धोका आहे.

आणि जात? ती चर्चच्या दारातून आत गेलेली आहेच. भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता टिकून असल्याचे स्वतःच मान्य केले. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. सिस्टरांच्या संघांतही विचारले पाहिजे: वसतिगृहात शिकलेली भिल्ल किंवा पावरा मुलगी धर्मभगिनी झाली तर ती संघाची प्रमुख कधी होते? की स्वयंपाकघर आणि गोठ्याची जबाबदारीच तिच्याकडे राहते? हजारो बायका राबतात, संस्था चालवतात, पण धर्मप्रांताचा शेवटचा शब्द बिशपचा, म्हणजे पुरुषाचा. दारिद्र्याच्या व्रतात आज्ञापालनाचे व्रत मिसळले की निर्णय वर जातात आणि श्रम खाली राहतात. उतरंडीवर बोलायला आपण शिकलो आहोत, मग इथे गप्प का बसावे?

दान वर जाते की खाली?

समाजशास्त्रात मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाचा १९२५ चा 'द गिफ्ट' हा निबंध शिकवला जातो. त्याचा गाभा असा, की फुकट भेट नावाची गोष्ट जगात नसते. घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे चढतेच. आपल्या देशात ब्राह्मणी व्यवस्थेने मात्र एक अजब चमत्कार करून दाखवला. इथे दान खालून वर गेले. शेतकऱ्याने राबायचे, राजाने करगोळा करायचा आणि पेशवाईतल्या रमण्यात श्रावणातली दक्षिणा ब्राह्मणाने न्यायची. घेणाऱ्यावर ओझे नाही, उलट देणाऱ्यानेच पाया पडायचे! या पार्श्वभूमीवर सिस्टरांचे दान निदान दिशेने बरोबर आहे. ते वरून खाली, कुष्ठरोग्याकडे, अनाथाकडे, डोंगरातल्या पोरीकडे जाते.

पण दिशा बरोबर असून पुरत नाही. तिसरा प्रश्न उरतोच: घेणारा ताठ उभा राहतो का?

बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरण घ्या. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. ते कोलंबियात शिकले. १९१७ ला करार पाळायला बडोद्याला गेले तर शिपाई फायली लांबून फेकत आणि राहायला घर मिळेना. त्यांनी बडोदे सोडले. महाराजांविषयीची कृतज्ञता शेवटपर्यंत ठेवली, पण स्वाभिमान त्यांच्या दारात गहाण टाकला नाही. दान घेऊन मिंधे न होणे हा आपला वारसा आहे. सिस्टरांच्या वसतिगृहात शिकणाऱ्या मुलीनेही हाच वारसा घ्यावा. शिकावे, आभार मानावेत, आणि पटले नाही तर तोंडावर 'नाही' म्हणावे. ज्या वसतिगृहात ती 'नाही' म्हणू शकते ते चांगले वसतिगृह.

सिस्टरांपैकी काहींनी हे पुढचे पाऊल टाकले आणि त्याची किंमत मोजली. शेजारच्या मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया काम करायच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. त्यांनी भूमिहीन आदिवासींना बचत गट काढायला शिकवले, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना समजावून सांगितल्या. म्हणजे सावकाराचा धंदा बसवला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून मारले. झारखंडच्या पाकूर जिल्ह्यात कोळसा खाणीविरुद्ध संथाळांबरोबर उभ्या राहिलेल्या सिस्टर वालसा जॉन यांचा १५ नोव्हेंबर २०११ ला असाच खून झाला.

यातून काय समजायचे? बिस्किटे वाटणाऱ्या सिस्टरला कोणी मारत नाही, तिचा सत्कार होतो. हिशेब शिकवणारी सिस्टर मात्र सावकाराला आणि खाणमालकाला सलते. नंदुरबारच्या मातीला हे नवीन नाही. १९७०च्या दशकात शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने सालदारकी आणि बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा जमीनदारांना याच कारणाने घाम फुटला होता. आदिवासी उपाशी असेपर्यंत सगळ्यांना त्याची दया येते. तो सातबारा मागायला लागला की तो 'भडकावलेला' ठरतो.

आणि आपण?

आता सगळ्यात अवघड भाग. मे १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात भिक्खू संघावर त्यांनी परखड टीका केली: भिक्खू पुष्कळ, पण ना विद्वत्ता, ना सेवा. ख्रिस्ती धर्म आशियात शिक्षण आणि वैद्यकीय सेवेतून पसरला, हे सांगून भिक्खू संघाने ख्रिस्ती धर्मसेवकांचे, विशेषतः जेझुइटांचे, काही गुण उचलावेत असे त्यांनी सुचवले. म्हणजे ज्या बाबासाहेबांनी मिशनांची सर्वांत कठोर चिकित्सा केली, त्यांनीच सेवेचा धडा त्यांच्याकडून घ्यायला सांगितला. चिकित्साही करा आणि शिकाही, हीच आंबेडकरी रीत.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचा निर्धार करायला सांगितला. विसावा हिस्सा म्हणजे पाच टक्के. सिस्टर शंभर टक्के देते, आपल्याकडे पाच मागितले होते.

आज आरक्षणातून आलेला वर्ग आपल्याकडेही आहे: शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी, एस.टी.चे वाहक, नर्स. जयंतीची वर्गणी आपण देतो, आणि ती द्यावीच. जयंती हा आपल्या अस्मितेचा सण आहे. पण डीजे आणि कमानीचा खर्च एका रात्रीत होतो, आणि दुसऱ्या दिवशी दहावी पास झालेली आपलीच पोरगी तालुक्याच्या गावी राहायची सोय नाही म्हणून घरी बसते. साधा हिशेब मांडा. समजा चाळीस हजार पगाराची पन्नास कुटुंबे आहेत. प्रत्येकी विसावा हिस्सा म्हणजे महिन्याला दोन हजार. पन्नास कुटुंबांचे महिन्याला एक लाख, वर्षाला बारा लाख. एवढ्यात भाड्याच्या घरात वीस-पंचवीस मुलींचे छोटे वसतिगृह सुरू होऊ शकते. परदेशी देणगी नको, नेत्याचा चेकही नको.

त्याचे नियम सिस्टरांकडून घेता येतील तेवढे घ्यावेत, आणि जिथे त्या कमी पडतात तिथे आपण पुढे जावे. हिस्सा दर महिन्याला नेमाने यावा, लहरीवर नाही. जमाखर्च विहाराच्या भिंतीवर दर पौर्णिमेला लागावा. निर्णय घेणाऱ्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलींना त्यात जागा असावी, म्हणजे घेणारी उद्या ठरवणारी होईल. तिथे पावरा, भिल्ल मुलीलाही खाट मिळावी, आणि तिच्यावर त्रिसरण-पंचशील लादले जाऊ नये. आपण सक्तीच्या प्रार्थनेविरुद्ध बोलतो, तर आपल्या वंदनेचीही सक्ती नको. बुद्धाने 'येऊन पाहा' असे सांगितले, 'खाट हवी तर ये' असे नाही. महाप्रजापती गौतमींनी अडीच हजार वर्षांपूर्वी स्त्रियांचा संघ मागून घेतला. त्या परंपरेच्या लेकींना एक वसतिगृह चालवणे अशक्य नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. सिस्टरांचे असो की आपले, कोणतेही दान शासनाची जागा घेऊ शकत नाही. संविधानाच्या कलम ४६ ने अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. जिल्ह्यात नंदुरबार आणि तळोदा असे दोन आदिवासी विकास प्रकल्प आहेत, समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. तिथल्या रिक्त जागा, बंद पडलेली पाण्याची टाकी, रखडलेली शिष्यवृत्ती यावर माहितीचा अधिकार आणि मोर्चा ही आपली हत्यारे आहेत. २०१८ मध्ये वसतिगृहातले जेवण बंद करून खात्यात पैसे टाकण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा ते भीक मागत नव्हते, हक्क मागत होते. दान चालू असताना ही लढाई सुटली, तर आपण शासनाला पळवाट काढून दिली असे होईल. म्हणून वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरता आला पाहिजे आणि तो अडला तर कोणाच्या टेबलावर अडला हे विचारताही आले पाहिजे.

मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गावात कोणी सिस्टरांच्या वसतिगृहाकडे बोट दाखवून 'आमिष, आमिष' ओरडेल, तेव्हा त्याला एवढेच विचारा: तू किती मुलींच्या खाटेची सोय केलीस? आणि हा प्रश्न त्याला विचारण्याआधी येत्या पौर्णिमेला विहारात बसून आपला विसावा हिस्सा बाजूला काढा. शाळा सुरू व्हायला जून लागतो. घर भाड्याने घ्यायला, खाटा आणायला, मुलींच्या घरी जाऊन बोलायला त्याआधीचे महिने हाताशी आहेत.

जय भीम! जय जोहार! नमो बुद्धाय!